आउटलुकमध्ये नक्की कोणता मेल सर्व्हर भरलाय, हे स्क्रिप्टने कसं काढायचं? (६४ मशीन, माणूस एक)

भोसरीचा दीडशहाणा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कंपनीत 'आयटी डिपार्टमेंट' म्हणजे मी. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून टॅलीच्या बॅकअपपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. एकूण ६४ डेस्कटॉप.

आमचा मेल ज्यांच्याकडे आहे, ते महिनाअखेर ही सेवा बंद करतायत. नवीन ठिकाणी जागा घेतली, खाती उघडली, जुने मेल तिकडे ओतायचं काम चालू आहे. नवे लोक म्हणाले, 'मेल डॉट तुमचं डोमेन' हेच नाव आम्ही चालवू, तुम्ही डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणारी वही) ते फक्त आमच्याकडे वळवा. पासवर्डही तेच ठेवतायत. म्हणजे ज्या मशीनवर हे नाव भरलंय तिथे हातही लावायला नको.

घोडं इथे पेंड खातं. माझ्याआधी या खुर्चीत तीन जण बसून गेले आणि तिघांनी आपापल्या मर्जीने सेटिंग केलंय. कुठे आमचं नाव आहे, कुठे जुन्या होस्टवाल्यांचं लांबलचक नाव, कुठे नुसता आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता. काही मशीन आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच राहतो), काही पॉपवर (मेल मशीनवर उतरतो). कंट्रोल पॅनल उघडून एकेक बघायला सुरुवात केली. पाच मशीनला दीड तास गेला, कारण प्रत्येक टेबलवर 'आलाच आहात तर जरा हे एक्सेल बघता का'.

म्हणून एक जुनी व्हीबीएस (विंडोजची जुनी स्क्रिप्ट-भाषा) स्क्रिप्ट शोधून काढली, आउटलुकलाच विचारणारी. ती खात्याचं नाव देते, ईमेल पत्ता देते, पण सर्व्हर काही देत नाही. माझंच काही चुकतंय का? जाणकारांनी सांगावं.

कर्वेरोडी | सोमवार, रात्री १०.०५

चुकत नाहीये. आउटलुकच्या ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टने आउटलुकशी बोलायच्या खिडकीत, खात्याचं नाव, पत्ता आणि प्रकार मिळतो. प्रकार आकड्यात येतो: ० म्हणजे एक्स्चेंज, १ आयमॅप, २ पॉप. आयमॅप-पॉपच्या सर्व्हरचं नाव त्या खिडकीतून दिसतच नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंग ठेवतं त्या कपाटात, उतरावं लागेल.

आणि व्हीबीएस सोडा आता. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच ते निवृत्तीच्या रांगेत लावलंय, विंडोज ११ च्या २४एच२ पासून तो ऐच्छिक भाग झालाय. पॉवरशेल ५.१ विंडोज १० आणि ११ मध्ये असतंच, त्यात लिहा.

फोनवरून टाइप करतोय, त्यामुळे तयार स्क्रिप्ट नाही, वाट सांगतो. एचकेसीयूमध्ये (रजिस्ट्रीतला 'करंट युजर'चा कप्पा) सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, मग आवृत्तीचा आकडा, मग आउटलुक, मग प्रोफाइल्स. आकडा ऑफिस २०१३ ला १५.०. २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ या सगळ्यांना १६.० च. प्रोफाइलच्या पोटात बऱ्याच कुरूप नावांच्या की (रजिस्ट्रीतले फोल्डरच म्हणा) दिसतील. त्यातली ९३७५ ने सुरू होणारी आपली. तिच्याखाली ०००००००१ वगैरे नावांनी एकेक खातं. तिथे 'आयमॅप सर्व्हर', 'पॉप३ सर्व्हर', 'एसएमटीपी सर्व्हर' (मेल पाठवणारा) अशा सरळ नावांच्या व्हॅल्यू असतात.

कोणती प्रोफाइल वापरात आहे ते त्याच आवृत्तीच्या आउटलुक कीखाली 'डिफॉल्ट प्रोफाइल'मध्ये लिहिलेलं असतं. तेही घ्या, नाहीतर सोडून गेलेल्या माणसाची प्रोफाइल मोजून बसाल.

निवृत्त टपाल | सोमवार, रात्री १०.३०

ऑफिस २०१० किंवा त्याआधीचं एखादं मशीन असेल तर वरच्या जागी काहीच सापडणार नाही. तिथे विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विंडोज मेसेजिंग सबसिस्टम, प्रोफाइल्स अशी वाट. आणि त्याहून जुनं आउटलुक एक्सप्रेस होतं तेव्हा सगळं 'इंटरनेट अकाउंट मॅनेजर' नावाच्या एकाच कीखाली, उघडं. डोळे मिटून वाचता यायचं. गेले ते दिवस.

शंकासुर | सोमवार, रात्री ११.१०

एवढं कशाला? एनएसलुकअपने (डीएनएसला विचारणारी कमांड) डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड विचारा, सर्व्हर कळेल. दोन मिनिटांचं काम.

कर्वेरोडी | सोमवार, रात्री ११.२२

नाही कळणार. बाहेरच्याने तुम्हाला टाकलेलं पत्र कोणत्या दारात द्यायचं ते एमएक्स सांगतो. आतला माणूस आपली पत्रं कुठल्या खिडकीवरून घेतो ते नाही सांगत. पुष्कळ ठिकाणी एमएक्स मधल्या स्पॅम गाळणाऱ्या सेवेकडे असतो आणि आयमॅप तिसरीकडेच.

तुम्ही म्हणता तसं काम करणारे रेकॉर्ड आहेत, एसआरव्ही म्हणतात त्यांना. २०११ च्या आरएफसी ६१८६ मध्ये आयमॅप आणि सबमिशनसाठी (मेल पाठवण्यासाठी) नावं ठरवून दिली आहेत. पण ते 'काय असायला हवं' हे सांगतील. दीडशहाण्यांना 'काय भरून ठेवलंय' ते हवंय. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

शंकासुर | सोमवार, रात्री ११.२५

मान्य. झोपतो.

भोसरीचा दीडशहाणा | मंगळवार, दुपारी १.५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कर्वेरोडी, दंडवत. माझ्या मशीनवर चाललं! पण दोन गोंधळ.

पहिला: अकाउंट्समधल्या एका जुन्या मशीनवर सर्व्हरच्या नावाच्या जागी हे आलं: १०९ ० ९७ ० १०५ ० १०८ ० ४६ ० आणि पुढे अशीच रांग. ही काय भानगड?

दुसरा: डिस्पॅचच्या चार मशीनवर जाऊन 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवली, चारही ठिकाणी उत्तर कोरं. एररसुद्धा नाही. समोर आउटलुक उघडं आहे, मेल येतायत, आणि स्क्रिप्ट म्हणते प्रोफाइलच नाही.

निवृत्त टपाल | मंगळवार, दुपारी २.१५

पहिल्याचं उत्तर: १०९ म्हणजे एम, ९७ ए, १०५ आय, १०८ एल, ४६ म्हणजे टिंब. 'मेल.' असं वाचा. जुन्या आवृत्त्या ही व्हॅल्यू मजकूर म्हणून न ठेवता बायनरी म्हणून ठेवायच्या. दोन-दोन बाइटचं एक अक्षर, म्हणून मधली शून्यं. पॉवरशेलमध्ये सिस्टम टेक्स्ट एन्कोडिंगमधलं 'युनिकोड' घेऊन गेट-स्ट्रिंग करा, शेवटचं शून्य कापून टाका. व्हॅल्यू बाइटची रांग आहे की सरळ मजकूर, हे आधी तपासून मगच उलगडा, नाहीतर नव्या मशीनवर स्क्रिप्ट आपटेल.

चकलीताई | मंगळवार, दुपारी २.४०

दुसऱ्याचं मी सांगते, कारण यात मी स्वतः एक अख्खा शनिवार घालवलाय.

डिस्पॅचच्या मुलाचं लॉगिन साधं असणार, ॲडमिन नाही. म्हणून 'रन ॲज' केल्यावर विंडोजने पासवर्ड विचारला आणि तुम्ही तुमच्या ॲडमिनचा दिलात. त्या क्षणी एचकेसीयूमधला 'करंट युजर' तुम्ही झालात, तो मुलगा नाही. तुमच्या नावाची त्या मशीनवर आउटलुकची प्रोफाइल नाहीच, मग उत्तर कोरं. स्क्रिप्ट खोटं बोलत नाहीये, तिने तुमचंच कपाट उघडून दाखवलं, शेजाऱ्याचं नाही.

दुरून इन्व्होक-कमांडने चालवलीत तरी हेच होणार. शेड्युल्ड टास्कमध्ये 'सिस्टम' खात्याने चालवलीत तरी हेच.

हे वाचायला ॲडमिन हक्क लागतच नाहीत. स्वतःची रजिस्ट्री प्रत्येकाला वाचता येते. तेव्हा ॲडमिनचा हट्ट सोडा आणि ज्याचा मेल त्याच्याच लॉगिनमधून चालवा.

कर्वेरोडी | मंगळवार, दुपारी ३.०५

ताईंना +१. भर एवढीच: ॲडमिन म्हणूनच बघायचं असेल तर एचके-युजर्समध्ये एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या कीखाली, त्या घडीला लॉगिन असलेल्यांची रजिस्ट्री दिसते. लॉगिन नसलेल्याची हवी तर त्याची एनटीयुजर डॉट डॅट फाइल रेग लोडने चढवायची, वाचायची, आणि न विसरता रेग अनलोड करायची. विसरलात तर सकाळी तो माणूस लॉगिन करेल तेव्हा तात्पुरती प्रोफाइल उघडेल आणि डेस्कटॉप रिकामा बघून बोंब ठोकेल.

विंडोजचं डोमेन (सगळी मशीन एका जागेवरून चालवायची सोय) आहे का तुमच्याकडे? असेल तर ग्रुप पॉलिसीतून लॉगॉन स्क्रिप्ट लावा, काम झालं.

भोसरीचा दीडशहाणा | मंगळवार, रात्री ९.१५

अर्धं घर डोमेनमध्ये, अर्धं बाहेर. ४१ मशीन डोमेनला, उरलेली २३ शॉप फ्लोअरची, त्यांचा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक मशीन सुटं. डोमेनवाल्यांना पॉलिसी लावली. एका मशीनवर लॉगिन केलं, दोन मिनिटं थांबलो, फाइल आली नाही. पुन्हा केलं, नाही आली. वैतागून चहाला गेलो, परत येऊन बघतो तर फाइल हजर! भुताटकी?

कर्वेरोडी | मंगळवार, रात्री ९.३०

भूत नाही. विंडोज ८.१ पासून लॉगॉन स्क्रिप्ट मुद्दाम पाच मिनिटं उशिरा चालते, लॉगिन लवकर झाल्यासारखं वाटावं म्हणून. 'कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले' ही पॉलिसी आहे, तिथे कमी करता येतं. तुमच्या कामाला तशी गरज नाही. चहा चालू ठेवा.

एक विचारायचं राहिलं, उत्तरं गोळा कशी करताय? एकाच शेअरवरच्या एकाच फाइलमध्ये सगळे लिहीत असतील तर सकाळी ९ ला चाळीस जण एकाच वहीवर तुटून पडतील आणि निम्म्यांच्या ओळी गळतील. मशीनचं नाव आणि लॉगिनचं नाव जोडून प्रत्येकाची वेगळी सीएसव्ही बनवा, नंतर एकत्र करा.

शंकासुर | मंगळवार, रात्री १०.००

मी परत आलोय. लोकांच्या मशीनवर त्यांच्या नकळत मेलची माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट चालवताय. पासवर्डसुद्धा त्याच कीमध्ये असतो ना? उद्या कोणी विचारलं तर?

चकलीताई | मंगळवार, रात्री १०.२०

हा प्रश्न बरा विचारलात. पासवर्ड तिथेच शेजारी असतो, पण सांकेतिक स्वरूपात, त्या माणसाच्या विंडोज लॉगिनला बांधलेला. तो उलगडणारी हत्यारं नेटवर पडलेली आहेत, आणि बरेच अँटिव्हायरस त्यांना बघताक्षणी पकडतात. तेव्हा 'सगळ्या व्हॅल्यू उचल' असं लिहूच नये. नाव घेऊन हव्या त्याच मागाव्या: सर्व्हर, पोर्ट, पत्ता. शेअरवर लोकांना फक्त लिहिता यावं, दुसऱ्याची फाइल वाचता येऊ नये.

आणि सरळ नोटीस बोर्डवर लावा की या आठवड्यात मेलचं सेटिंग तपासतोय म्हणून. आमच्याकडे मी लावली होती. कोणी वाचली नाही, पण लावली होती.

दीडशहाणे, तुमच्याकडे आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम कोणी वापरतं का? त्यांचं रजिस्ट्रीत काही नसतं.

भोसरीचा दीडशहाणा | बुधवार, सकाळी ७.३०

हो, डिझाइनवाले सहा जण. त्यांना आउटलुक जड वाटतं. (कॅड जड वाटत नाही.) त्यांचं कसं?

चकलीताई | बुधवार, सकाळी ८.१०

डबा भरता भरता लिहितेय. ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड या फोल्डरमध्ये प्रोफाइल्स डॉट आयएनआय असते. तिच्यात 'इन्स्टॉल' ने सुरू होणारा भाग शोधा, त्यातली 'डिफॉल्ट' ओळ खरी प्रोफाइल दाखवते. खाली दुसऱ्या प्रोफाइलवर 'डिफॉल्ट=१' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका, ते जुनं असू शकतं.

त्या प्रोफाइलमध्ये प्रेफ्स डॉट जेएस ही साधी मजकुराची फाइल. तिच्यात मेल डॉट सर्व्हर डॉट सर्व्हर१ डॉट होस्टनेम अशा ओळी, आणि पाठवणाऱ्या सर्व्हरच्या मेल डॉट एसएमटीपीसर्व्हर ने सुरू होणाऱ्या. सॉकेटटाइप ३ असेल तर एसएसएल, २ असेल तर स्टार्टटीएलएस.

गंमत अशी की जुन्या आवृत्तीत कोणी सर्व्हरचं नाव नंतर बदललं असेल तर होस्टनेममध्ये जुनंच राहतं आणि नवं नाव 'रिअलहोस्टनेम' या वेगळ्या ओळीत जातं. ती ओळ असली तर तीच खरी. फाइल नुसती वाचा, थंडरबर्ड चालू असताना तिच्यात लिहू नका. बंद होताना ते स्वतःचंच परत लिहून टाकतं.

भोसरीचा दीडशहाणा | बुधवार, रात्री १०.४५

हिशोब लागला! वर्कग्रुपवाल्या २३ मशीनना पेन ड्राइव्ह घेऊन हिंडलो, प्रत्येकाला त्याच्याच लॉगिनमध्ये डबल क्लिक करायला लावलं.

आमचं नाव भरलेली मशीन ४४. होस्टवाल्यांचं लांब नाव ११. नुसता आयपी ८. एक मालकांचं, त्याचं पुढे सांगतो. एकूण ६४.

आयपीवाल्यांत अकाउंट्सच्या काकूंचं मशीन आहे. आयपीला सर्टिफिकेट जुळत नाही, त्यामुळे आउटलुक उघडलं की इशाऱ्याची खिडकी येते. काकू म्हणाल्या, "ते होय? मी रोज सकाळी येस दाबते, मग उदबत्ती लावते." सहा वर्षं! कोणाला सांगावंसं वाटलं नाही. शिवाय त्यांचं पॉप आहे आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढलेली, म्हणजे सगळा पत्रव्यवहार त्या एकाच डबड्यात. आउटलुक बंद करून आधी पीएसटी (मेल साठवणारी फाइल) कॉपी करून घेतली. ती कॉपी होईपर्यंत काकूंनी चिवडा दिला.

पोर्टची व्हॅल्यू काही मशीनवर नव्हतीच. तिथे नेहमीचा पोर्ट धरला, आयमॅपला ९९३, आणि हाताने दोन ठिकाणी पडताळून पाहिला.

मालकांचं मशीन नव्या आउटलुकवर आहे, ते विंडोजसोबत आपसूक येतं तेच. त्याचं रजिस्ट्रीत काहीच नाही.

उद्या गुरुवार, आमची सुट्टी. उद्याच डीएनएस वळवतो. ४४ ना हात लावायला नको, १९ हाताने करतो. संपलं.

कर्वेरोडी | बुधवार, रात्री ११.००

नव्या आउटलुकला कॉम (स्क्रिप्टला आत जायचं दार) नाही आणि रजिस्ट्रीतली जुनी मापी प्रोफाइलही नाही, त्यामुळे मालकांकडे स्वतःच जा. तसंही जावंच लागतं.

वळवायच्या आधी दोन कामं करा. डीएनएसचा टीटीएल (जुनं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत) आज रात्रीच कमी करा. आणि त्या ४४ वर टेस्ट-नेटकनेक्शन चालवून पोर्ट ९९३ ला जोडणी खरोखर कोणत्या आयपीला जाते ते बघा. भरलेलं नाव एक आणि गाठलेला पत्ता दुसरा, असं असू शकतं.

भोसरीचा दीडशहाणा | बुधवार, रात्री ११.०४

नाव तेच तर पत्ता तोच ना? पण बरं, दादा म्हणतात तर सकाळी बघतो.

भोसरीचा दीडशहाणा | गुरुवार, दुपारी १२.२०

कर्वेरोडी, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं.

काल टीटीएल कमी करून आज ९ वाजता चाचणी म्हणून डीएनएस वळवला. ४४ पैकी ३७ बिनबोभाट नव्या पत्त्यावर. टूलरूमची सात मशीन अजून जुन्याच आयपीला जातायत. कॅश असेल म्हणून फ्लश डीएनएस केलं. तरी जुनंच. एनएसलुकअपने विचारलं तर नवा आयपी सांगतंय, टेस्ट-नेटकनेक्शन जुना. दोघे एकाच मशीनवर, एकाच मिनिटाला, वेगवेगळी उत्तरं देतायत. अर्धा तास डोकं धरून बसलो.

निवृत्त टपाल | गुरुवार, दुपारी १२.२६

होस्ट्स फाइल बघा, म्हणजे नाव आणि आयपीच्या जोड्यांची मशीनवरचीच यादी. एनएसलुकअप ती वाचत नाही, थेट डीएनएसला विचारतं. बाकी सगळं विंडोज आधी ती फाइल बघतं.

भोसरीचा दीडशहाणा | गुरुवार, दुपारी १२.४०

सापडली. विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, होस्ट्स. शेवटच्या ओळीत जुना आयपी, पुढे आमचं मेलचं नाव, आणि त्यापुढे हॅश देऊन लिहिलंय: 'टेंप'. फाइलची तारीख २०१७ च्या जुलैची. पावसात नेट कंपनीचा डीएनएस झोपला असणार आणि त्या वेळच्या भाऊने सात मशीनना जोडणी बांधून दिली असणार. काम झालं, भाऊ सोडून गेला, टेंप राहिलं.

म्हणजे स्क्रिप्टने सेटिंग बरोबर वाचलं होतं. सेटिंगही बरोबरच होतं. फक्त मेल तिकडे जात नव्हता.

चकलीताई | गुरुवार, दुपारी १.०५

मी आत्ता आमच्या ऑफिसात बघून आले. दोन मशीनवर निघाली. 🙈

कर्वेरोडी | गुरुवार, दुपारी १.१५

पुढच्या वेळी स्क्रिप्टमध्येच घाला: होस्ट्समधल्या हॅशने सुरू न होणाऱ्या ओळी सीएसव्हीत येऊ द्या. आणि रिझॉल्व्ह-डीएनएसनेमला 'नो होस्ट्स फाइल' असा स्विच आहे. एकदा त्याच्यासह, एकदा त्याच्याशिवाय विचारा. उत्तरं जुळली नाहीत की मशीनचं नाव लाल.

ओळ काढायला मात्र ॲडमिन हक्क लागतील. आता तुमचं 'रन ॲज' वापरा, हौस फिटेल. आणि उद्या सकाळी लाइन मंद वाटली तर घाबरू नका. सर्व्हर बदलला की आयमॅपच्या दृष्टीने तो नवाच पेटारा असतो, आउटलुक सगळे मेल पुन्हा उतरवत बसतं.

भोसरीचा दीडशहाणा | शुक्रवार, रात्री ८.३०

सकाळी ९ ते ११ नेट बैलगाडीच्या चालीने, मग सुरळीत. ६४ च्या ६४ चालू. काकूंची खिडकी येत नाही, तर त्यांनी मलाच बोलावून विचारलं, "आज ते येस का येत नाही? काही बिघडलंय का?"

साडेअकराला स्टोअरमधून फोन. चलनं स्कॅन करून मेल करायचं मोठं मशीन आहे, ते 'सेंड फेल' म्हणतंय. त्याच्या पोटात एसएमटीपीला जुना आयपी, पोर्ट २५. ना आउटलुक, ना रजिस्ट्री, त्यामुळे माझ्या यादीत ते आलंच नव्हतं. हजेरीचं बोटाचं मशीनही रोज एक मेल पाठवतं म्हणे, ते उद्या बघतो.

स्कॅनरच्या सेटिंगला ॲडमिन पासवर्ड मागतोय. कोणालाच माहीत नाही.

निवृत्त टपाल | शुक्रवार, रात्री ८.४५

मशीनच्या मागे किंवा झाकणाच्या आत चिकटवलेलं काही आहे का बघा. आमच्या पिढीने सगळे पासवर्ड तिथेच ठेवलेत.

भोसरीचा दीडशहाणा | शनिवार, सकाळी ९.५०

कागदाच्या ट्रेमागे सेलोटेपने लावलेली चिठ्ठी निघाली. त्याच भाऊचं अक्षर. चारच अक्षरं लिहिलीत: टेंप.

चालला.